अतितापन, मोटारगाडीच्या एंजिनाचे

अंतर्ज्वलन-एंजिनात इंधनाच्या ज्वलनाने निर्माण होणारी उष्णता शीतन यंत्रणेला ज्या वेगाने बाहेर टाकता येते, त्याहून अधिक वेगाने ती साठू लागली म्हणजे एंजिनाचे तापमान ठरावीक मर्यादेपलीकडे जाते. या अवस्थेस एंजिनाचे अतितापन म्हणतात. व्यवहारात ‘गाडी तापणे’, ‘पाणी उकळणे’ असे शब्दप्रयोग रूढ आहेत. अतितापन हे लक्षण असून त्याच्या मुळाशी शीतनद्रवाची गळती, त्याच्या अभिसरणातील अडथळा, हवेचा अपुरा झोत, दाबाचा अभाव किंवा ज्वलनातील बिघाड यांपैकी एक वा अनेक कारणे असू शकतात. कारण न शोधता केवळ पाणी भरत राहिल्यास थोड्या खर्चाची दुरुस्ती टळत नाही. ती पुढे ढकलली जाऊन अनेक पटींनी महाग होते.

उष्णतेचा ताळेबंद : सिलिंडरातील वायूंचे तापमान ज्वलनाच्या क्षणी २,०००° से.हून अधिक होते. इंधनातील ऊर्जेपैकी ढोबळ मानाने एक तृतीयांश ऊर्जेचे उपयुक्त कार्यात रूपांतर होते, एक तृतीयांश निष्कास वायूंबरोबर जाते व उरलेली बहुतांशी शीतन यंत्रणेमार्फत आणि एंजिनाच्या पृष्ठभागावरून बाहेर पडते. म्हणजे एखादे लहान एंजिन ३० किलोवॉट शक्ती देत असेल, तर जवळजवळ तितकीच उष्णता शीतनद्रवाला वाहून न्यावी लागते. रेडिएटरमधून जाताना पाण्याचे तापमान ६° से.ने उतरते असे धरल्यास या कामासाठी मिनिटाला सु. ७० लि. पाणी फिरावे लागते. लहान मोटारगाडीत एकूण पाणी ४ ते ५ लि. असते, तेव्हा तेच पाणी मिनिटाला चौदा-पंधरा वेळा फेरी मारते. हे अभिसरण थांबले आणि सर्व उष्णता पाण्याच्या बाष्पीभवनात खर्च होऊ लागली, तर मिनिटाला सु. ०.८ लि. पाण्याची वाफ होते. पूर्ण भरलेली यंत्रणा काही मिनिटांत रिकामी कशी होते, हे या हिशेबावरून कळते.

ऐतिहासिक विकास : कार्ल बेन्झ यांनी १८८६ मध्ये एकस्व घेतलेल्या तीनचाकी मोटारगाडीत सिलिंडराभोवतीचे पाणी उकळून वाफेच्या रूपाने निघून जाई आणि वरचेवर नवे पाणी भरावे लागे. १८८८ मध्ये बेर्टा बेन्झ यांनी मॅनहाइम ते फोर्ट्सहाइम हा जो प्रवास केला, त्यात वाटेत अनेक ठिकाणी पाणी घ्यावे लागले. १९०० च्या सुमारास व्हिल्हेल्म मायबाख यांनी मर्सेडीझ गाडीसाठी मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर तयार केला. अनेक बारीक नलिकांमुळे हवेच्या संपर्कात येणारे क्षेत्रफळ वाढले आणि थोड्या पाण्यात अधिक उष्णता बाहेर टाकणे शक्य झाले. १९०८ मध्ये आलेल्या फोर्ड ‘टी’ नमुन्याच्या बहुसंख्य गाड्यांत पंप नव्हता. गरम पाणी हलके होऊन वर चढते व थंड पाणी खाली उतरते, या तत्त्वावर त्यांतील अभिसरण चाले. पुढे पंप, तापनियंत्रक झडप आणि दाब राखणारे झाकण हे भाग सार्वत्रिक झाले.

भारतात फियाट व अँबॅसडर या गाड्यांमध्ये पंखा एंजिनाच्या पट्ट्याने फिरे. एंजिन मंदगतीने चालले की पंखाही मंद होई, त्यामुळे घाटात व गर्दीत पाणी उकळणे ही नित्याची बाब होती. घाटमाथ्यावर झाकण उघडून, पाण्याचा डबा जवळ घेऊन थांबलेल्या मोटारी आणि मालमोटारी हे कसारा व खंडाळा घाटांतील परिचित दृश्य होते. १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० पासून विजेवर चालणारा व तापमानानुसार आपोआप सुरू होणारा पंखा सामान्य गाडीत रूढ झाला. अतितापनाचे प्रसंग त्यामुळे कमी झाले. परंतु ॲल्युमिनियमाच्या शीर्षामुळे प्रत्येक प्रसंगाचे परिणाम अधिक गंभीर झाले.

शीतन यंत्रणेची रचना : जलशीतित एंजिनाच्या ठोकळ्यात व शीर्षात सिलिंडरांभोवती पोकळ्या असतात. पंप या पोकळ्यांतून शीतनद्रव फिरवतो. एंजिन थंड असताना तापनियंत्रक झडप म्हणजे थर्मोस्टॅट बंद असतो व द्रव एंजिनातल्या एंजिनातच फिरतो, त्यामुळे एंजिन लवकर कार्यक्षम तापमानास पोचते. थर्मोस्टॅटमधील मेण ठरावीक तापमानास, सामान्यतः ८२° ते ९५° से. यांच्या दरम्यान, वितळून प्रसरण पावते आणि झडप उघडते. मग गरम द्रव वरच्या रबरी नळीने रेडिएटरमध्ये जातो, नलिकांतून जाताना थंड होतो व खालच्या नळीने पंपाकडे परततो. नलिकांना जोडलेल्या पातळ पत्र्यांच्या पाकळ्यांमधून हवा खेचण्याचे काम पंखा करतो.

झाकण हा वरवर क्षुल्लक दिसणारा भाग महत्त्वाचा आहे. त्यातील स्प्रिंगेमुळे यंत्रणेत वातावरणीय दाबाहून सु. १ बार अधिक दाब राहतो व साध्या पाण्याचा उकळबिंदू १००° वरून सु. १२०° से.पर्यंत जातो. एथिलीन ग्लायकॉल व पाणी यांचे समभाग मिश्रण वापरल्यास याच दाबाला तो आणखी ८° ते १०° से.ने वाढतो. उलट झाकणाचे रबर झिजून दाब टिकेनासा झाला, तर एंजिनात दुसरा कोणताही दोष नसताना पाणी उकळू लागते. उंचीबरोबर हवेचा दाब घटत असल्याने उकळबिंदूही उतरतो, सु. १,३७२ मी. उंचीवरील महाबळेश्वर येथे उघड्या भांड्यातील पाणी ९५° ते ९६° से.लाच उकळते. सदोष झाकणाची गाडी मैदानात चालते आणि घाट चढून गेल्यावर उकळते, याचे हे एक कारण आहे.

सर्वच एंजिने जलशीतित नसतात. ऑटोरिक्षा व मोटारसायकली यांची अनेक एंजिने, तसेच १९५९ पासून भारतात बनू लागलेल्या आयशर ट्रॅक्टरांची एंजिने हवाशीतित प्रकारची आढळतात. त्यांत पाणी नसल्याने गळती व गंज यांचा प्रश्न नसतो. मात्र सिलिंडरावरील पाकळ्यांत माती व तेल साचल्यास अतितापन होते.

पूर्व विदर्भातील परिस्थिती : मोहाडी हे भंडारा जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण भंडारा-तुमसर मार्गावर वसले आहे. वैनगंगेच्या खोऱ्यातील हा प्रदेश धानाचा असून येथील उन्हाळा कडक असतो. पश्चिमेस असलेल्या नागपूर येथे २३ मे २०१३ रोजी ४७.९° से. तापमान नोंदले गेले. अशा हवामानाचा शीतन यंत्रणेवर होणारा परिणाम साध्या गणिताने समजतो. रेडिएटर बाहेर टाकत असलेली उष्णता ही शीतनद्रव व बाहेरची हवा यांच्या तापमानांतील फरकाच्या प्रमाणात असते. द्रव ९५° व हवा २५° से. असताना हा फरक ७०° असतो. हवा ४५° झाली की तो ५०° उरतो. म्हणजे त्याच रेडिएटरची क्षमता मे महिन्यात डिसेंबरच्या मानाने सु. ७० टक्क्यांवर येते. डांबरी रस्त्यालगतची हवा याहून तप्त असते. वातानुकूलन चालू असेल, तर त्याचा संघनक रेडिएटरच्या पुढे बसविलेला असल्याने रेडिएटरकडे येणारी हवा आधीच तापलेली असते. यामुळे नलिका अंशतः बुजलेला रेडिएटर हिवाळाभर कोणतीही तक्रार न देता चालतो आणि उन्हाळ्यात प्रथमच उघडा पडतो. दोष मे महिन्यात दिसला, तरी तो मे महिन्यात उत्पन्न झालेला नसतो.

या प्रदेशात मोटारगाडीइतकाच, किंबहुना अधिक, महत्त्वाचा प्रश्न ट्रॅक्टरचा आहे. चिखलणीच्या वेळी ट्रॅक्टर तासन्‌तास पूर्ण भाराखाली, पण अत्यंत कमी वेगाने चालतो. गतीमुळे मिळणारी हवा जवळजवळ नसते आणि सर्व भिस्त पंख्यावर राहते. उडालेला चिखल रेडिएटरच्या पाकळ्यांवर वाळून बसतो. मळणीच्या वेळी तणसाचे तुकडे, भूस व धूळ पंख्याच्या झोताबरोबर खेचली जाऊन पुढच्या जाळीवर गादीसारखा थर तयार होतो. उन्हाळी धानाची मळणी मे महिन्याच्या आसपास येत असल्याने तप्त हवा व बुजलेली जाळी हे दोन्ही प्रतिकूल घटक एकत्र येतात. रोवणीचे दिवस मोजके असतात. त्या काळात एंजिन निकामी झाल्यास दुरुस्तीच्या खर्चाबरोबरच हंगामातील भाड्याची कमाई बुडते आणि त्या ट्रॅक्टरवर अवलंबून असलेल्या शेतकऱ्यांची रोवणीही लांबते.

निदानाचा क्रम : निदान सोप्याकडून अवघडाकडे व स्वस्ताकडून महागाकडे करावे, असा संकेत आहे. एंजिन पूर्ण थंड असताना पुढील गोष्टी पाहतात : (१) टाकीतील व रेडिएटरमधील द्रवाची पातळी. रेडिएटर रिकामा असताना बाहेरची टाकी भरलेली दिसू शकते; झाकणाची निर्वात झडप बिघडल्यास किंवा टाकीकडील नळी बुजल्यास द्रव परत खेचला जात नाही. (२) द्रवाचा रंग. तांबूस गढूळपणा गंज दर्शवितो, तर तेलाचा तवंग शीर्षाच्या गॅसकेटमधील किंवा तेलशीतकातील दोष सुचवितो. (३) नळ्यांचे सांधे, रेडिएटरचा तळ, पंपाच्या खालचे गळतीदर्शक छिद्र आणि वाहनाच्या आतील हीटर यांजवळ ओल किंवा वाळलेले पांढरे-हिरवे डाग. (४) पट्ट्याचा ताण व त्यावरील भेगा. (५) पाकळ्यांत अडकलेला कचरा. येथे रेडिएटर व वातानुकूलनाचा संघनक यांमधील फटही पाहणे आवश्यक असते.

यानंतर, तापमान खरोखरच वाढले आहे की दर्शक चुकीचे दाखवितो, याची खात्री करतात. अवरक्त तापमापकाने थर्मोस्टॅटच्या आवरणाचे तापमान घेऊन ते दर्शकाशी ताडून पाहता येते. संवेदक द्रवात बुडालेला असतानाच योग्य तापमान दाखवितो. द्रव उतरून तो वाफेत उघडा पडला, तर दर्शकाचा काटा एकाएकी खाली येऊ शकतो. उकळत्या गाडीचा काटा अचानक उतरणे हे सुधारणेचे चिन्ह न मानता द्रव संपल्याची सूचना मानावी लागते. काटा वर असताना हीटरमधून थंड हवा येणे हेही द्रव कमी असल्याचे किंवा यंत्रणेत हवा अडकल्याचे लक्षण आहे.

परिस्थितीवरून अनुमान : गाडी केव्हा तापते, या एका प्रश्नाच्या उत्तराने शोधाचे क्षेत्र बरेच आकुंचित होते.

थांबलेली किंवा गर्दीत रेंगाळणारी गाडी तापते व वेग घेताच काटा उतरतो, असे असल्यास दोष हवेच्या झोतात म्हणजे पंख्यात असण्याचा संभव अधिक असतो. कारण वेगात असताना वारा पंख्याचे काम करतो. विजेचा पंखा वातानुकूलन लावल्यावर फिरतो पण तापमान वाढल्यावर फिरत नसेल, तर मोटर ठीक असून संवेदक, त्याची तार किंवा नियंत्रक मंडल सदोष ठरते. दोन्ही वेळा फिरत नसेल, तर फ्यूज, रिले व मोटर या क्रमाने तपासणी करतात. मोठ्या डीझेल वाहनांत पंख्याच्या आसाशी सिलिकोन तेल भरलेली जोडणी असते. एंजिन तप्त व बंद असताना पंखा हाताने अगदी सहज गरगरला, तर त्या जोडणीतील तेल गेलेले असते.

याउलट गर्दीत ठीक राहणारी गाडी महामार्गावर किंवा चढणीवर तापत असेल, तर हवा पुरेशी असूनही द्रव पुरेसा फिरत नाही किंवा रेडिएटर त्याला थंड करू शकत नाही, असे अनुमान निघते. बुजलेल्या नलिका, पंपाच्या झिजलेल्या पाती, पूर्ण न उघडणारा थर्मोस्टॅट व घसरणारा पट्टा ही यांची कारणे होत. खालच्या नळीतील आधाराची तार गंजून गेली असल्यास पंपाच्या ओढीने ती नळी चपटी होते. हा दोष एंजिनाची गती वाढवून नळीकडे पाहिल्यासच दिसतो. एंजिन थांबताच नळी पूर्ववत होते.

थंड एंजिन सुरू केल्यापासून काही मिनिटांतच गाडी तापत असेल, तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला असण्याची शक्यता प्रथम विचारात घेतात. थर्मोस्टॅट एंजिनाच्या निर्गमद्वाराशी असल्यास अशा वेळी एंजिन तप्त पण वरची नळी थंडच लागते. वरची नळी अतिशय गरम व खालची बरीच थंड असेल, तर अडथळा रेडिएटरमध्ये असतो. सुस्थितीतील रेडिएटरमध्ये दोन्हींच्या तापमानांत सामान्यतः ५° ते १०° से. इतकाच फरक असतो. रेडिएटरच्या पृष्ठभागावर ठिकठिकाणी तापमान घेतल्यास बुजलेला भाग थंड पट्ट्याच्या रूपाने आढळतो.

थर्मोस्टॅटची परीक्षा घरगुती साधनांनी होते. तो काढून तापमापकासह पाण्याच्या भांड्यात, तळाला न टेकेल अशा रीतीने, टांगतात व पाणी तापवितात. त्यावर कोरलेल्या तापमानाच्या जवळपास झडप उघडू लागली पाहिजे व त्याहून १०° ते १५° से. अधिक तापमानास पूर्ण उघडली पाहिजे. झाकण व संपूर्ण यंत्रणा यांची परीक्षा हातपंप जोडलेल्या दाबमापकाने करतात. थंड यंत्रणेत झाकणावर लिहिलेल्या मूल्याइतका दाब भरून तो काही मिनिटे टिकतो का, हे पाहतात. दाब उतरला पण बाहेर कोठेही ओल दिसली नाही, तर गळती एंजिनाच्या आत असल्याचा संशय येतो.

शीर्षाच्या गॅसकेटमधील दोष : सिलिंडरांचा ठोकळा व शीर्ष यांमधील गॅसकेट फुटल्यास ज्वलनवायू शीतनद्रवात शिरतात. त्यामुळे एंजिन चालू असताना टाकीत अखंड बुडबुडे येणे, नळ्या सुरू केल्याबरोबर ताठर होणे, गळती न दिसता द्रव कमी होणे, निष्कास नळीतून एंजिन तापल्यावरही गोडसर वासाचा पांढरा धूर येणे आणि वंगण तेल दुधाळ होणे अशी लक्षणे दिसतात. ही सर्व एकाच वेळी दिसतीलच असे नाही. निश्चितीसाठी टाकीच्या तोंडाशी येणारी हवा निळ्या रासायनिक द्रवातून खेचतात. तीत कार्बन डाय-ऑक्साइड असल्यास द्रव पिवळा पडतो. सिलिंडरांतील संपीडन दाबाची मोजणी पूरक ठरते. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांत दाब कमी आढळल्यास त्यांमधील गॅसकेट गेले असण्याचा संभव मोठा असतो.

गॅसकेटचा दोष अतितापनाचे कारण असू शकतो, तसाच परिणामही. ॲल्युमिनियमाचे औष्णिक प्रसरण बिडाच्या सु. दुप्पट असते. ४० सेंमी. लांबीच्या शीर्षाचे तापमान नेहमीपेक्षा ६०° से.ने वाढल्यास ॲल्युमिनियमाचे शीर्ष सु. ०.५५ मिमी. वाढू पाहते, तर त्याखालील बिडाचा ठोकळा सु. ०.२६ मिमी. वाढतो. बोल्टांनी जखडलेले शीर्ष या ओढाताणीत वाकते. शीर्षाच्या सपाटपणातील स्वीकार्य चूक अनेक एंजिनांत मिलिमीटरच्या केवळ काही शतांशांइतकी असते. यामुळे एकदा जोरात तापलेल्या एंजिनात केवळ नवे गॅसकेट घालून भागत नाही. शीर्षाचा सपाटपणा पट्टी व फीलर गेज यांनी तपासून घ्यावा लागतो.

शीतन यंत्रणेबाहेरील कारणे : सर्व तपासण्या निर्दोष ठरल्यास लक्ष एंजिनाकडे व गाडीकडे वळवितात. ठिणगी उशिरा पडणे, हवेच्या मानाने इंधन कमी असणे, डीझेल अंतःक्षेपणाची वेळ चुकणे, निष्कास मार्ग चोंदणे आणि वंगण तेल कमी असणे यांमुळे उष्णतेची निर्मिती वाढते किंवा तिच्या निष्कासनात अडथळा येतो. चिकटलेले ब्रेक, घसरणारा क्लच व अतिरिक्त भार यांमुळे त्याच वेगासाठी एंजिनाला अधिक काम करावे लागते. अशा वेळी मोठा रेडिएटर बसविणे म्हणजे कारणाला हात न लावता लक्षण दडपणे होय.

पाण्याचा दर्जा : विहिरींच्या व कूपनलिकांच्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम यांची लवणे असतात. तापलेल्या पृष्ठभागावर त्यांचा दगडासारखा थर बसतो. या थराची उष्णतासंवाहकता बिडाच्या विसाव्या हिश्श्याइतकी किंवा त्याहूनही कमी असल्याने १ मिमी. जाडीचा थर २ सेंमी. जाडीच्या बिडाइतका अडथळा निर्माण करतो. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात विद्राव्य घन पदार्थांची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला ५०० मिग्रॅ. आहे. म्हणजे पिण्यास उत्तम मानलेले पाणीसुद्धा रोज एक लिटर भरत राहिल्यास वर्षभरात सु. १८० ग्रॅ. घन पदार्थ यंत्रणेत जमा होऊ शकतात, कारण वाफ निघून जाते आणि लवणे मागे राहतात. किरकोळ गळतीकडे दुर्लक्ष करून नित्य पाणी भरणाऱ्या गाडीचा रेडिएटर बुजतो तो अशा रीतीने. याकरिता खनिजरहित पाणी व एथिलीन ग्लायकॉल यांचे मिश्रण वापरतात. महाराष्ट्राच्या मैदानी भागात पाणी गोठण्याचा धोका नसला, तरी या मिश्रणातील गंजरोधक द्रव्ये व उच्च उकळबिंदू यांचा लाभ उष्ण प्रदेशात अधिकच होतो. गंजरोधक द्रव्ये कालांतराने निष्प्रभ होत असल्याने निर्मात्याने सांगितलेल्या मुदतीत द्रव बदलावा लागतो. भिन्न रासायनिक घडणीचे द्रव एकमेकांत मिसळू नयेत. एथिलीन ग्लायकॉल चवीस गोड पण विषारी असते. काढलेला द्रव उघड्यावर ओतल्यास तो मुले व जनावरे यांना प्राणघातक ठरू शकतो.

तातडीची उपाययोजना : काटा वर चढू लागताच वातानुकूलन बंद करून हीटर पूर्ण उघडतात; हीटर हा एक छोटा रेडिएटरच असल्याने काही उष्णता बाहेर पडते. तरीही काटा न उतरल्यास, वाफ दिसल्यास किंवा इशारादिवा लागल्यास गाडी सुरक्षित जागी थांबवून एंजिन बंद करतात. तप्त रेडिएटरचे झाकण उघडणे अत्यंत धोक्याचे आहे. १२०° से. तापमानाचे ५ लि. पाणी दाबमुक्त होताच त्यातील सु. ४ टक्के भागाची तत्क्षणी वाफ होते व ती ३०० लि.हून अधिक आकारमान व्यापते. हा झोत उकळते पाणी घेऊन तोंडावर व हातांवर येतो. ओले फडके झाकणावर टाकल्याने हा धोका टळत नाही. किमान अर्धा-पाऊण तास थांबून, वरची नळी हाताने सहज दाबता येईल इतकी थंड व मऊ झाल्यावरच झाकण उघडावे. तप्त एंजिनावर किंवा रिकाम्या तप्त रेडिएटरमध्ये थंड पाणी ओतल्यास एकाएकी आकुंचन होऊन शीर्षास वा ठोकळ्यास तडा जाऊ शकतो.

रूढ पण चुकीचे उपाय : उन्हाळ्यात थर्मोस्टॅट काढून टाकण्याची प्रथा अनेक ठिकाणी आढळते. तो अडकलेला असेल, तर काढल्याने तात्पुरता आराम पडतो. परंतु पुष्कळ एंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना उपमार्ग बंद करण्याचेही काम करतो. तो नसल्यास द्रवाचा मोठा भाग रेडिएटरला वळसा घालून एंजिनातच फिरत राहतो व भाराखाली तापमान उलट वाढते. हिवाळ्यात एंजिन कार्यक्षम तापमानास न पोचल्याने इंधनाचा खर्च व सिलिंडरांची झीज वाढते. गळती बुजविण्यासाठी हळद किंवा अन्य भुकट्या टाकल्यास त्या बारीक नलिकांतही साचतात. पंखा सतत चालू राहील अशी थेट तारजोडणी केल्यास मूळ दोष झाकला जातो आणि पंख्याची मोटर लवकर झिजते.

प्रतिबंधक निगा : उन्हाळ्यापूर्वी द्रवाची पातळी, झाकण, नळ्या, पट्टा व पंखा यांची तपासणी केल्यास बहुतेक प्रसंग टळतात. रेडिएटरच्या पाकळ्या हवेच्या नेहमीच्या दिशेच्या उलट, म्हणजे एंजिनाच्या बाजूने बाहेर, कमी दाबाची हवा किंवा पाणी सोडून स्वच्छ करतात. जोराच्या फवाऱ्याने पाकळ्या वाकून मार्ग कायमचे बंद होतात. मळणीच्या दिवसांत ट्रॅक्टरची जाळी दिवसातून अनेकदा झटकणे व चिखलणीनंतर चिखल वाळण्यापूर्वी धुणे आवश्यक असते. द्रव बदलल्यावर यंत्रणेतील हवा पूर्णपणे बाहेर काढली नाही, तर शीर्षात हवेचा खिसा राहून निर्दोष गाडीही तापते.

भारतात १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ उत्सर्जन मानकांनंतर अनेक डीझेल एंजिनांत निष्कास वायू थंड करून पुन्हा सिलिंडरात सोडतात व ती उष्णताही शीतनद्रवालाच वाहून न्यावी लागते. संगणकीय नियंत्रणामुळे अशी वाहने अतितापन होताच आपली शक्ती आपोआप कमी करतात आणि दोषाचा संकेतांक नोंदवून ठेवतात. हा संकेतांक तापमान मर्यादेबाहेर गेल्याचे सांगतो. ते का गेले, हे मात्र नळीला हात लावून, पातळी पाहून व गाडी केव्हा तापते हे चालकाला विचारूनच ठरवावे लागते. विजेवर चालणाऱ्या अनेक मोटारींमध्येही विद्युत् घटमाला व नियंत्रक यांना थंड ठेवण्यासाठी पंप, रेडिएटर व शीतनद्रव यांची योजना असल्याने या तपासणीची मूलतत्त्वे तेथेही लागू पडतात.